नाव महारांचे, पलटण सर्वांची : महार रेजिमेंटचा इतिहास

१९१३ सालच्या सुरुवातीला बडोद्याहून मुंबईला निघालेला एक एकविशीतला तरुण सुरत स्टेशनवर उतरला. वडील आजारी असल्याची तार आली होती. रिकाम्या हाताने कसे जायचे म्हणून तो वडिलांसाठी सुरतेची मिठाई घ्यायला गेला, तेवढ्यात गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी तो घरी पोहोचला तेव्हा वडिलांच्या अंगात फारसे त्राण उरले नव्हते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी सकपाळ गेले. तो तरुण म्हणजे भीमराव, पुढचे बाबासाहेब आंबेडकर. चरित्रकार धनंजय कीर यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. बडोदा संस्थानच्या सैन्यात भीमरावांची लेफ्टनंट म्हणून नेमणूक झाली होती, हेही त्यांनी नोंदवले आहे.

बाबासाहेबांचा आणि आपल्या सुरत शहराचा संबंध सांगताना हा प्रसंग आपण अनेकदा ऐकतो आणि मन हलते. पण त्यातली एक गोष्ट सहसा सुटून जाते. मरणपंथाला लागलेले वडील सैन्यातले सुभेदार होते आणि मुलालाही सैन्यातच हुद्दा मिळाला होता. त्या घराचे आणि सैन्याचे नाते पिढ्यांचे होते. आईचे वडील आणि चुलतेही पलटणीतलेच. रामजींनी लष्करी शाळेत मुख्याध्यापक म्हणून काम केले. भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला. छावणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना अक्षरओळख होई. गावकुसाबाहेरच्या माणसाला शाळेची पायरी चढू न देणाऱ्या त्या काळात छावणीची शाळा मात्र त्याला उघडी होती. आंबेडकरी चळवळीची पहिली पाटी तिथे भरली असे मी म्हणतो आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

स्मरणिका समितीने महार रेजिमेंटचा इतिहास लिहायला सांगितला तेव्हा पहिला विचार आला तो आपल्या सुरतेतल्या गोडादऱ्याचाच. उधना-जळगाव मार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर मागे टाकत आपली माणसे इथे आली आणि लूमवर, साडीच्या कारखान्यांत, बाजारात रुजली. महाराणा प्रताप चौकात संध्याकाळी उभे राहिले तर अहिराणी, मराठी, हिंदी, भोजपुरी, ओडिया, मारवाडी आणि गुजराती दहा मिनिटांत कानावर पडतात. इतक्या बोलींची माणसे एका गल्लीत कशी नांदतात हे आपण रोज पाहतो. इतक्या बोलींची माणसे हातात बंदूक घेऊन एका पलटणीत कशी नांदतात, हा त्याहून अवघड प्रश्न. महार रेजिमेंटचा इतिहास हे त्याचे एक उत्तर आहे. ते उत्तर एका दिवसात सापडले नाही.

सुरुवात कोरेगावपासून करण्याची आपली रीत आहे आणि ती योग्यच आहे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेची एक पलटण, पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखाली पेशव्यांच्या मोठ्या फौजेपुढे दिवसभर टिकून राहिली. त्या जागी उभ्या राहिलेल्या स्तंभावर कामी आलेल्यांची नावे कोरली आहेत. त्यांतल्या बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे आणि ही महार शिपायांची नावे. पण त्याच दगडावर शेजारी मराठ्यांची नावे आहेत, रजपुतांची आहेत, मुसलमानांचीही आहेत. स्तंभाकडे पाहताना हेही पाहावे, अशी माझी प्रत्येकाला विनंती असते. जुन्या मुंबई फौजेत एकाच कंपनीत सगळ्या जातींचे शिपाई खांद्याला खांदा लावून उभे असत. बंगालच्या फौजेत असे नव्हते, तिथे उच्च जातींचे वर्चस्व होते. मुंबई फौजेचा हा सरमिसळ स्वभाव पुढे मोडला गेला आणि स्वतंत्र भारताला तो पुन्हा बांधावा लागला.

तो मोडण्याचे काम १८५७ नंतरच्या काही दशकांत झाले. उठावाने इंग्रज हादरले होते. त्यांनी हिंदी शिपायांची जातवार आणि प्रांतवार वाटणी सुरू केली, म्हणजे एक बिथरला तर दुसऱ्याकडून त्याला दाबता यावे. त्यातून ‘लढवय्या जाती’ आणि ‘बिगर-लढवय्या जाती’ ही कल्पना जन्मली. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सने तिला बळ दिले. पंजाबी, पठाण आणि गुरखा हे जन्मजात सैनिक ठरले आणि दक्षिणेकडचे व किनाऱ्यावरचे मऊ. प्रत्येक पलटण किंवा कंपनी एका जातीची करण्याचे ठरले, तेव्हा महारांना कुठल्याच कंपनीत जागा उरली नाही. १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती बंद झाली. कोरेगावला ज्यांनी जीव दिला त्यांच्या नातवांना सांगण्यात आले की तुमची जात लढण्याची नाही.

या घावाची खोली समजून घ्यायला हवी. नोकरी गेली आणि पेन्शन गेले, एवढाच तो प्रश्न नव्हता. पलटणीतला नाईक किंवा हवालदार गावी येई तेव्हा त्याच्या अंगावर सरकारी बिल्ला असे, हातात पैसा असे, डोक्यात अक्षरे असत. गावकीच्या कामातून सुटण्याचा तोच एक रस्ता होता आणि तो बंद झाला. त्याविरुद्ध पहिले आवाज निघाले तेही सैनिकांच्याच घरांतून. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी दापोलीत ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ काढली आणि भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून सरकारकडे अर्ज केला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. पूर्वजांच्या लढायांचे दाखले देत त्यांनी आम्हालाही सैन्यात आणि पोलिसांत घ्या अशी मागणी केली. महाराष्ट्रातल्या दलित चळवळीचे आरंभीचे दस्तऐवज म्हणून हे अर्ज वाचले जातात. त्यांतली मुख्य मागणी पलटणीची होती, हे लक्षात ठेवायला हवे.

पहिल्या महायुद्धाने ही बंदी थोडी सैल केली. माणसे कमी पडू लागली तेव्हा जून १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज सरली. १९२० साली ही पलटण ७१ व्या पंजाबी पलटणीत मिसळून टाकली आणि १९२१ साली मोडीत काढली. दार दुसऱ्यांदा बंद झाले. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले ते हा सगळा हिशेब मनात घेऊन.

बाबासाहेब सैन्याकडे नोकरीचे साधन म्हणून पाहत होते, तसेच देशाचा पाया म्हणूनही पाहत होते. डिसेंबर १९४० मध्ये त्यांचे पाकिस्तानच्या प्रश्नावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात सैन्याच्या घडणीवर सविस्तर विवेचन आहे. शिपाई कोणत्या प्रांतांतून येतात याचे आकडे त्यांनी मांडले. १८५६ साली पंजाब आणि वायव्य सरहद्दीकडच्या शिपायांचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी होते, १९३० साली ते निम्म्याच्या वर गेले. देशाची सीमा डोंगरावर असो की नदीवर, तिच्यापेक्षा भरवशाचे सैन्य महत्त्वाचे, असा त्यांचा निष्कर्ष होता. दोनचार जिल्ह्यांच्या आणि दोनचार जातींच्या हाती सैन्य असणे हा देशाला धोका आहे, हे इतक्या स्पष्टपणे मांडणारे नेते त्या काळात फार नव्हते. हे प्रकरण आपल्या वाचनालयांत मुलांकडून वाचून घ्यायला हवे.

जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर बाबासाहेबांची नेमणूक झाली आणि त्यांनी महार पलटणीची मागणी लावून धरली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी उभी राहिली कामठीला. आज नागपूरच्या पलीकडे कामठीवरून जाताना कितीजणांना ही आठवण होत असेल? भरतीसाठी बाबासाहेबांनी स्वतः आवाहने केली. रत्नागिरी, सातारा, नगर, विदर्भ आणि खानदेशातून पोरे आली. दोन पिढ्या बंद राहिलेल्या दारातून ती आत शिरत होती.

आता एक तपशील सांगतो, तो माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे. पहिल्या बटालियनचे पहिले कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल जॅक्सन. ते आले होते तेराव्या फ्रंटियर फोर्स रायफल्समधून, म्हणजे सरहद्दीवरच्या पलटणीतून. आणि पहिले सुभेदार मेजर होते शेख हसनुद्दीन. नव्या पलटणीत जुने हुद्देदार असत नाहीत, ते दुसरीकडून आणावे लागतात, हे खरे. तरी महार रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचा पहिला सुभेदार मेजर मुसलमान होता, ही गोष्ट कुणी ठरवून केली नसली तरी पुढच्या वाटचालीला साजेशी होती. पलटणीत सुभेदार मेजर म्हणजे वडीलधारा माणूस. रंगरुटाच्या घरची अडचण त्याच्या कानावर जाते, रागावतो तोच आणि पाठीशी उभा राहतो तोही तोच.

दुसऱ्या बटालियनमधल्या मॉर्टलमन्स नावाच्या एका कॅप्टनने टोपीवरचा बिल्ला तयार केला. त्यावर कोरेगावचा स्तंभ होता आणि खाली ‘महार’ हे नाव. युद्धाच्या काळात पहिली आणि तिसरी बटालियन वायव्य सरहद्दीवर राहिली, दुसरी ब्रह्मदेशात गेली. युद्ध संपल्यावर पुन्हा तोच प्रश्न आला, की आता या पलटणीचे काय? १९४३ साली उभ्या राहिलेल्या चमार रेजिमेंटने कोहिमाकडे मर्दुमकी गाजवली होती, तरी १९४६ च्या डिसेंबरात ती मोडण्यात आली. महार रेजिमेंट वाचली. ऑक्टोबर १९४६ मध्ये तिचे मशीनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झाले आणि कामठीला तिचे केंद्र उभे राहिले. बिल्ल्यावर स्तंभाबरोबर दोन व्हिकर्स मशीनगन आल्या.

मशीनगनचा हा बदल वरवर तांत्रिक वाटतो, पण त्याने पलटणीची जडणघडण बदलली. व्हिकर्स ही पाण्याने थंड होणारी अवजड मशीनगन. एक माणूस ती चालवूच शकत नाही. तिपाई एकाच्या पाठीवर, नळी दुसऱ्याच्या, पट्ट्यांच्या पेट्या आणि पाणी आणखी कोणाकडे. मशीनगनवाल्यांची पलटण एका जागी एकत्र लढत नाही. तिच्या कंपन्या आणि प्लॅटून वेगवेगळ्या ब्रिगेडींना जोडून देतात. त्यामुळे महार मशीनगनवाला शिखांच्या चौकीत, डोग्रांच्या मोर्च्यात, गुरख्यांच्या टेकडीवर राहू लागला. त्यांच्या लंगरात जेवला. रात्री हल्ला आला की शेजारचा शीख जवान त्याच्या गोळ्यांच्या भरवशावर असे आणि तो त्या जवानाच्या संगिनीच्या. अस्पृश्यता निवारणाच्या शंभर सभांनी जे झाले नसते ते अशा खंदकांत झाले. १९४७-४८ च्या जम्मू-काश्मीरच्या युद्धात महार मशीनगनवाले अशाच रीतीने लढले.

पण त्याआधी आली फाळणी. तिला आपण यादवी म्हणत नाही, पण पंजाबात त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात जे घडले त्याला दुसरा शब्द मला सापडत नाही. शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठला होता. दीडशे वर्षांत घडलेले सैन्यही वाटले गेले, साधारण दोनास एक या प्रमाणात. पलटणी वाटल्या, कंपन्यांची अदलाबदल झाली, मेसमधली चांदीची भांडीसुद्धा वाटली. एका बराकीत राहिलेली माणसे एकमेकांना मिठी मारून दोन दिशांना गेली आणि काही महिन्यांत काश्मीरमध्ये समोरासमोर आली. १ ऑगस्ट १९४७ रोजी मेजर जनरल रीस यांच्या हाताखाली पंजाब सीमा दल स्थापन झाले. ते महिनाभरच टिकले, कारण आग त्याच्या आवाक्याबाहेरची होती. त्या दलात महार रेजिमेंटच्या तिन्ही बटालियनी होत्या. निर्वासितांच्या तांड्यांबरोबर त्या चालल्या. या नेमणुकीत मोठा अर्थ होता. तिथल्या भांडणात महारांचा कोणाशी वैरभाव नव्हता. हिंदू, शीख, मुसलमान, ज्याचा तांडा असेल त्याला पुढच्या गावापर्यंत सुखरूप न्यायचे. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले त्यांच्या पोरांनी बेघर झालेल्या गावांना संरक्षण दिले. या कामाला पदके मिळत नाहीत, म्हणून इतिहासात त्याला ओळी कमी मिळतात. माझ्या मते ही या रेजिमेंटची सर्वांत मोठी कामगिरी आहे.

सरहद्दीवरच्या पंजाबी खेड्यांतून त्या धामधुमीत ‘बॉर्डर स्काउट्स’ नावाच्या तुकड्या उभ्या राहिल्या होत्या. आपले गाव आपणच राखायचे म्हणून बंदूक उचललेली ती माणसे. अशा तुकड्यांचे पुढे काय करायचे हा प्रश्न कोणत्याही देशाला यादवीनंतर पडतो. घरी पाठवले तर हातातले कसब गुन्हेगारीकडे वळू शकते, वेगळे ठेवले तर त्यांचा स्वतंत्र सवतासुभा होतो. भारताने १९५६ साली त्यांच्या तीन बटालियनी महार रेजिमेंटमध्ये घेतल्या. त्या रेजिमेंटच्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या बटालियनी झाल्या. पंजाबच्या शेतकरी घरांतली पोरे ‘महार’ हा बिल्ला टोपीवर लावून संचलन करू लागली. त्या काळच्या पंजाबात आणि त्या काळच्या महाराष्ट्रातही या नावाला काय किंमत होती हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या घटनेचे मोल वेगळे सांगायला नको. ज्या नावाची सावली टाळली जात होती ते नाव दुसऱ्या प्रांतातल्या, दुसऱ्या धर्मातल्या माणसाने अभिमानाने खांद्यावर घेतले. पुढे रेजिमेंटचे दार सगळ्यांनाच उघडले. आज भारतीय सैन्यातल्या ज्या मोजक्या रेजिमेंटांत देशाच्या सर्व भागांतले आणि सर्व समाजांतले जवान एकत्र आहेत, त्यांत महार रेजिमेंट आहे.

केंद्रही या काळात हलले. कामठीहून निघून ते मध्य प्रदेशातल्या सागरला गेले आणि तिथेच स्थिरावले. १९६० च्या दशकात मशीनगनचा वेगळा दर्जा जाऊन ती सर्वसाधारण पायदळ रेजिमेंट झाली. बिल्ल्यावर मशीनगन मात्र राहिल्या. कोरेगावचा स्तंभ काढून त्या जागी खंजीर आला. स्तंभ जाण्याची खंत आपल्यापैकी अनेकांना आहे आणि मलाही आहे. तरी स्तंभाखालच्या मातीत जी सरमिसळ झाली होती ती रेजिमेंटने प्रत्यक्ष माणसांत आणली, हे मान्य करायला हवे. ‘यश सिद्धी’ हे तिचे ब्रीद आणि ‘बोलो हिंदुस्थान की जय’ ही तिची रणघोषणा. त्या घोषणेत कोणत्या जातीचे नाव नाही, कोणत्या देवतेचेही नाही. दुसऱ्या रेजिमेंटांच्या घोषणा आपापल्या परंपरेतून आल्या आहेत आणि त्या मानाच्या आहेत. महार रेजिमेंटने देशाचेच नाव घेतले.

या रेजिमेंटने देशाला दोन सेनाप्रमुख दिले. जनरल के. व्ही. कृष्णराव १९४२ साली तिच्यात अधिकारी म्हणून आले आणि १९८१ ते १९८३ या काळात सेनाप्रमुख झाले. ते तेलुगू. जनरल के. सुंदरजी १९४६ साली आले आणि १९८६ ते १९८८ या काळात सेनाप्रमुख होते. ते तमिळ. दोघांनीही पहिला बिल्ला लावला तो महार रेजिमेंटचा.

रेजिमेंटचे परमवीर चक्र मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचे. त्यांची कहाणी सांगितल्याशिवाय हा इतिहास पुढे नेता येत नाही. परमेश्वरन तमिळ घरातले, पण जन्म १९४६ सालचा आणि मुंबईचा, शिक्षणही मुंबईतच. १९७२ साली ते अधिकारी झाले आणि महार रेजिमेंटमध्ये आले. श्रीलंकेत १९८३ पासून यादवी पेटली होती. सिंहली बहुसंख्याकांचे राज्य एकीकडे आणि वेगळा तमिळ देश मागणारे एलटीटीईचे वाघ दुसरीकडे. जुलै १९८७ च्या करारानंतर भारताची शांतिसेना तिथे गेली. तिने वाघांकडून शस्त्रे घ्यायची होती, पण थोड्याच दिवसांत तिला त्यांच्याशीच लढावे लागले. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी आठव्या महार बटालियनची तुकडी जाफन्याजवळच्या कंतरोडाई गावात शोध घेऊन परतत असताना तिच्यावर दबा धरून हल्ला झाला. परमेश्वरन यांनी आपल्या माणसांसह शत्रूला मागून वळसा घातला. हातघाईत एकाने त्यांच्या छातीत गोळी झाडली. त्यांनी त्याचीच रायफल हिसकावली, त्याला ठार केले आणि शेवटचा श्वास असेपर्यंत आपल्या जवानांना हुकूम देत राहिले. वय एक्केचाळीस.

घरात तमिळ बोलणारा, मुंबईत वाढलेला आणि महार नावाच्या पलटणीचा हा अधिकारी तमिळ मुलखात, तमिळ बंडखोरांच्या गोळीने गेला. त्यांच्या हाताखालच्या जवानांना ते कोणत्या भाषेचे हे विचारण्याची गरज पडली नाही. शांतिसेनेने तिथे अकराशेहून अधिक जवान गमावले आणि मार्च १९९० मध्ये ती परतली. श्रीलंकेची यादवी २००९ साली संपली, पण तिथले सैन्य आजही जवळजवळ पूर्णपणे सिंहली आहे. हरलेल्या बाजूच्या पोराला जोपर्यंत त्या देशाचा गणवेश आपला वाटत नाही, तोपर्यंत शांतता अर्धीच असते.

याच काळात युरोपातला एक देश आपल्यासारख्याच प्रश्नाशी झगडत होता. युगोस्लाव्हिया फुटला तेव्हा १९९२ साली संयुक्त राष्ट्रांनी तिथे शांतिसेना पाठवली. तिचे पहिले सेनापती होते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी. बोस्नियात मुस्लिम बोस्नियाक, ऑर्थोडॉक्स सर्ब आणि कॅथलिक क्रोएट एकमेकांवर तुटून पडले होते. १९९५ च्या डेटन करारापर्यंत सुमारे लाखभर माणसे मेली. करार झाला तेव्हा त्या छोट्या देशात आपापसांत लढलेली तीन सैन्ये शिल्लक होती. त्यांचे एक सैन्य व्हायला आणखी दहा वर्षे लागली. १ जानेवारी २००६ पासून सगळे एका संरक्षण मंत्रालयाखाली आले. त्यांनी काढलेला मार्ग आपल्याला विचार करायला लावणारा आहे. तिन्ही समाजांच्या नावाने तीन पायदळ रेजिमेंटी ठेवल्या. त्यांचे बिल्ले, इतिहास आणि स्मृतिदिन त्यांच्याकडेच राहिले. पण लढण्याचा हुकूम रेजिमेंटकडे नाही. तो ब्रिगेडकडे आहे आणि प्रत्येक ब्रिगेडमध्ये तिन्ही रेजिमेंटींची एकेक बटालियन आहे. म्हणजे आठवणी वेगळ्या ठेवल्या आणि कर्तव्य एकत्र केले. कालच्या शत्रूंना एका रांगेत उभे करायला हा मार्ग उपयोगी पडला हे खरे. तरी बटालियन अजून आपापल्या समाजाचीच राहिली. महार रेजिमेंट त्याच्या एक पाऊल पुढे गेली. तिने नाव तेच ठेवले आणि त्या नावाखाली सगळ्यांना बोलावले.

१९९३-९४ मध्ये सोमालियाच्या यादवीत संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली भारताची ब्रिगेड गेली, त्यात पाचवी महार बटालियन होती. ज्या बटालियनचा जन्म पंजाबच्या फाळणीतल्या गावराखणीतून झाला होता, तीच दुसऱ्या खंडातल्या दुभंगलेल्या लोकांत अन्न पोहोचवणाऱ्या वाटा राखत होती.

एक प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो टाळणे बरे नाही. जातिअंताची भाषा बोलणाऱ्या बाबासाहेबांनी जातीच्या नावाची पलटण का मागितली? आणि आज सगळ्या जातींचे जवान असताना हे नाव कशासाठी? सैन्यातली सगळीच जातिवाचक नावे काढावीत असे म्हणणारे लोक प्रामाणिक आहेत. त्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. तरीही माझे मत नाव राहावे असेच आहे. १८९० च्या दशकात या नावाच्या माणसांना हाकलले, १९२१ साली पुन्हा हाकलले. बाबासाहेबांनी पलटण मागितली ती जातीला मोठे करण्यासाठी नव्हे, तर जातीवरून बंद केलेले दार त्याच जातीच्या नावाने उघडून घेण्यासाठी. दार उघडल्यावर त्यातून सगळेच आत आले. आज केरळचा किंवा बिहारचा जवान ‘मी महार रेजिमेंटचा’ असे सांगतो तेव्हा त्या शब्दाचा जुना अर्थ पुसला जातो. नाव काढून टाकले असते तर तो अर्थ कायम राहिला असता, फक्त बोलला गेला नसता.

आता थोडे आपल्या घरचे. गोडादरा, लिंबायत, डिंडोली, उधना या भागांत आलेल्या खानदेशी आणि विदर्भातल्या कुटुंबांपैकी अनेकांच्या आज्या-पणज्यांच्या पेटीत एखादा जुना कागद असतो. कुणाचे डिस्चार्ज बुक, कुणाचे पेन्शनचे कागद, कुणाचा टोपीतला पिवळा पडलेला फोटो. गाव सोडताना भांडीकुंडी आली, पण असे कागद बरेचदा मागे राहिले किंवा पावसाच्या पाण्यात गेले. सागरला रेजिमेंटचे दप्तर आहे, तिथे पलटणीचा इतिहास जपला जाईल. पण आपल्या घरातून कोण गेले, कोणत्या बटालियनमध्ये होते, पंजाबच्या तांड्याबरोबर कोण चालले, काश्मीरच्या टेकडीवर कोणाची तिपाई होती, हे आपणच लिहून ठेवले नाही तर दुसरे कुणी लिहिणार नाही.

म्हणून वाचकांना एकच विनंती. घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी या सुट्टीत बसा. नाव, गाव, भरतीचे साल, बटालियन आणि हुद्दा एवढे पाच शब्द वहीत उतरवा. कागद असेल तर त्याची झेरॉक्स काढा आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवा. ती प्रत स्मरणिका समितीकडे आणून द्या, म्हणजे पुढच्या अंकात ही यादी छापता येईल.